दुसरी गोळी

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. सलून दुपारचं बंद आहे. बसवत नाही, म्हणून आरशासमोर उभ्यानेच लिहितोय.

पोटातला अल्सर अजून भरला नाही. आम्ल कमी करणारी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतो, चहा सोडला, तिखट सोडलं. गिऱ्हाइकं तर डोकं माझ्या हातात देऊन मलाच अक्कल शिकवतात: थंड दूध घ्या, केळं खा. परवा पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "एव्हाना जखम भरायला हवी होती. दुसरं काही औषध चालू आहे का? दुखण्याबिखण्याचं?"

ही शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "छे."

मग ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात तुकडा काढून तपासू. तेव्हापासून हिने कर्करोगाचा धसका घेतलाय. दोन घास चिवडते आणि ताटावरून उठते. मुलगी रजा टाकून आलीये. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेलो की भांडी आवरायला लागतात.

आणि मला कारण माहीत आहे, ताई. माझा उजवा अंगठा आखडतो. दुखणं मारायची गोळी घेतली नाही तर कात्री मिटत नाही. त्या गोळ्यांची पट्टी सलूनच्या खणात, वस्तऱ्याच्या पात्यांखाली ठेवतो. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, "काका, या गोळ्या पोट पोखरतात. जखम असली तर भरू देत नाहीत." म्हणजे सकाळच्या गोळीने शिवायचं आणि दुपारच्या गोळीने उसवायचं. आत्ताही एक घेऊनच लिहायला लागलो.

सांगितलं तर ही पट्टी फेकून देईल. मग कात्री बंद, सलून बंद. मला दुसरं काही येत नाही गं. या वयात कोणाच्या दारात जाऊन उभा राहू?

पण काल ही मला म्हणाली, "तुम्ही घाबरू नका हं," आणि स्वतःच रात्रभर दिवा लावून बसून राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोंडाने सांगायला दोनदा आत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. म्हणून लिफाफा न चिकटवता हिच्या हातात देतोय, वाच आणि पोस्टात टाक म्हणून. तुला हे मिळालं म्हणजे हिने वाचलं. रागवायचं असेल तर रांगेत हिच्यामागे उभी राहा.

तुझा भित्रा भाऊ