तुम्ही जरा हललात

सोमवार, ८ जून

वजन आणखी दोन किलोनं उतरलं. घास छातीखाली अडतो, तो आता रोजचाच. डॉक्टर म्हणाले, बेरियमचा एक्स-रे काढून घ्या. मला सांगतात! बावीस वर्षं मीच काढतेय ते. वहीत नावही मीच लिहिलं — गुरुवार, सकाळी नऊ.

मंगळवार, ९ जून

यांना सांगितलं. "काही नसेल" असं तीनदा म्हणाले.

तयारीचा कागद घरी आणला. मजकूर माझाच — "आदल्या दिवशी हलका आहार." यांनी विचारलं, हलका म्हणजे नेमका काय? इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगता येईना. शेवटी मऊ भातावर ठरलं.

बुधवार, १० जून

धाकटीला सांगितलं. एक्स-रे खात्यात मी मोठ्या बाई, ती धाकटी. सहा वर्षांपूर्वी मीच तिला तयार केलं. उद्या मशीनवर तीच. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या कुणाला सांगू का, म्हणाली. नको म्हटलं, दुसऱ्याचे फोटो मला पसंत पडायचे नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं — पडद्यावर काही वाईट दिसलं तरी पेशंटला कळू द्यायचं नाही, ते सांगणं डॉक्टरांचं काम. आपण एवढंच म्हणायचं, "तुम्ही जरा हललात, परत एक काढू." तेवढ्यात आपण सावरतो, आणि जास्तीचा फोटोही मिळतो. पेशंट बिचारे ओशाळतात, उलट आपलीच माफी मागतात. किती जणांना मी अशी माफी मागायला लावली! आज त्याचं वाईट वाटलं.

भीती वाटते आहे. लिहून टाकलं, बरं झालं.

गुरुवार, ११ जून — सकाळ

पाणीसुद्धा नाही. यांनी सवयीनं दोन कप चहा केला आणि दोन्ही मोरीत ओतले. स्वतःचा तरी प्यायचा! पण ऐकतील तर ना.

दुपार

प्यायला देतात ते बेरियम म्हणजे ओला खडू. "चव काही वाईट नसते हो," असं लोकांना सांगत आले — धडधडीत खोटं. टेबल गार. काचेपलीकडून धाकटीचा आवाज, हुबेहूब माझा सूर — श्वास घ्या, रोखा, सोडा. सगळं व्यवस्थित चाललं होतं. पुढचं आत्ता लिहवत नाही.

संध्याकाळ

शेवटच्या फोटोनंतर धाकटी पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "मोठ्या बाई, तुम्ही जरा हललात. परत एक काढू."

मी हलले नव्हते.

म्हटलं, "हो गं, चुकलंच माझं."