नागपूरपर्यंत पुरेल अशी सीट

मास्तर, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. मंचरचं सीट शिवायचं दुकान आता मी चालवतो. उद्या पहाटे मोटारसायकलवर नागपूरला निघतोय. सकाळपासून माझ्याच गाडीची सीट तीनदा उसवली, तीनदा शिवली. चौथ्यांदा दाभण हातात घेतलं आणि स्वतःचीच भीती वाटली, म्हणून ते ठेवून कागद घेतला. भर दुपार आहे, हायवेवर कांद्याचे ट्रक अडकलेत, हॉर्न थांबत नाहीत. आणि मी अजून गाडीवर बसलोही नाही, तरी मांड्यांना मुंग्या येताहेत.

कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून तुमच्याकडे आलो तेव्हा सीट शिवणं म्हणजे रेग्झिन ताणायचं आणि खिळे मारायचे, एवढंच मला वाटायचं. वर्गात सरांच्या अंगावर धावून गेलो होतो, परत जायला तोंड नव्हतं. शिवाय शेजारच्या बाकावर बसणारी राजुरीची मुलगी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली होती, त्यामुळे जायचं कारणही उरलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बेल्ह्याच्या बाजारातला बैलांचा एक व्यापारी आला. गाडीवर लांबलांबचे बाजार करणारा, धिप्पाड माणूस. तुम्ही दुकानापुढच्या फरशीवर चाळलेली वाळू पसरता, हातानं सपाट करता आणि त्याला म्हणता, "बसा."

"मास्तर, पत्रिका मांडताय व्हय माझी?"

"पत्रिकाच हाय. माणूस कुठं बसतो ते त्याच्या हाडांला इचारायचं. त्याला काय म्हाईत असतंय?"

तो उठतो. वाळूत दोन खळगे पडलेले. तुम्ही बोटांनी त्यांच्यातलं अंतर मोजता आणि बरोबर तेवढ्या जागी कडक फोम बसवता. तो कुरकुरतो, जरा मऊ घाला की राव. तुम्ही मान वर करत नाही. "मऊ गादी पंधरा किलोमीटर गोड लागती, पावणं. मग हाड खाली उतरतं आन् पत्र्याला टेकतं." तो पायजम्याची वाळू झटकत म्हणतो, "आमी बैलाचे दात बघून सौदा करतो. आज आमचंच काय काय बघितलं गेलं." सगळं दुकान हसलं. जाताना तुम्ही त्याला बजावलंत, आणि ते मी हजारदा ऐकलं असेल, "दुखायच्या आधी उतरायचं. तासातासाला, गरज असो नसो. पाणी प्यायचं, चार पावलं चालायचं. दुखल्यावर उतरलेला माणूस चहावाल्याशी भांडतो."

मी ऐकलं, पण ते गिऱ्हाइकांसाठी आहे असं समजलो. सात वर्षांपूर्वी नागपूरहून त्या राजुरीच्या मुलीचं पत्र आलं, घरी स्थळ बघताहेत, तू एकदा ये. तुम्ही जेवायला गेला होतात तेवढ्यात मी माझ्या सीटवर चार बोटं जाड मऊ फोम चढवला. मागची बाजू जास्तच फुगवली. कोणासाठी, ते तुम्हाला सांगायला नको होतं. तुम्ही आलात, त्यावर मूठ दाबलीत. मूठ तळाला गेली.

"ही झोपायची गादी झाली. वाळूत बस एकदा, धा मिन्टाचं काम हाय."

"मी काय बाजारातला बैल हाय का? मला नका शिकवू." कात्री फेकली होती मी. तुमच्या पायाशी पडली. तुम्ही ती उचलून जागेवर ठेवलीत, बस्स.

नगरपर्यंत मी राजा होतो. जालन्याच्या आधीच हाड पत्र्याला टेकलं. नवीकोरी जीन्स घातलेली, तिची जाड शिवण मांडीत रुतायला लागली. उतरलो नाही, कारण प्रत्येक थांबा म्हणजे ते स्थळ माझ्यापुढे निघून गेलं असं वाटायचं. मेहकरच्या पुढे पाय आहेत की नाहीत ते कळेना, अर्धा रस्ता उभ्यानं चालवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तसाच तिच्या हॉस्टेलच्या फाटकावर. ती हसत आली. समोरच्या टपरीच्या बाकड्यावर बसली, शेजारची जागा पुसली.

"बस ना."

"नको."

"रागावलायस का? मी केवढी वाट बघत होते."

"बस बस काय लावलंय? नाही म्हटलं ना."

तिचा चेहरा पडला. "एवढ्या लांबून भांडायला आलास?"

आणि मी म्हणालो, मग कर त्याच्याशीच लग्न. चहा आला होता, तो तसाच सोडून गाडीला किक मारली.

मागच्या आठवड्यात दुकानात फोन आला. आवाज ओळखायला वेळ लागला नाही. ते लग्न तिनं केलंच नाही. तिथंच दवाखान्यात नोकरी करते. म्हणाली, एकदा ये, नीट बोलू, नंतर मला घरचे थांबू देणार नाहीत. शटर अर्धं खाली ओढून मी एकटा वाळूत बसलो, मास्तर. उजवा खळगा जास्त खोल निघाला, तसा फोम कापला. हँडल दोन बोटं वर घेतलं, मनगटांवर भार नको म्हणून. सैल सुती पँट शिवून घेतली, आतल्या शिवणी बाहेरून घ्यायला लावल्या तेव्हा टेलर हसला. या वेळी दोन नाही, तीन दिवसांत जायचं. सगळं तुम्ही सांगायचात तसं केलंय, आणि भीती नेमकी तिथंच आहे. सात वर्षं मी त्या फोमला शिव्या दिल्या. गिऱ्हाइकांना ती फजिती नाव बदलून सांगतो, हसवतो. पण उद्या काही दुखलंच नाही, अंग ताजं राहिलं, आणि तरीही तिच्यापुढे माझ्या तोंडून तसंच काही निघालं तर? मग दोष कशाला देऊ? म्हणून सारखी उसवतोय. कुठंतरी चूक सापडली तर बरं, असं वाटतंय.

हा कागद टाकायला पेटी कुठली आहे? सीटच्या जुन्या मापांच्या गठ्ठ्यात राहील. एकच सांगायचं राहिलं. त्या वेळी परत आलो तेव्हा तुम्ही हातातलं काम थांबवून विचारलंत, "काय म्हणाली?" मी म्हणालो, नाही म्हणाली. तुम्ही आठवडाभर मला एकही जड काम सांगितलं नाहीत, आणि वर्षभरात गेलात. मास्तर, ती नाही म्हणाली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.