बारीक मुठीचं पिस्तूल

शनिवार, १ मार्च
क्लबची मॅच. बावीस जणांत एकविसावा आलो. बाविसाव्याच्या हाताला प्लास्टर होतं.
हा निकाल माझ्या नेमबाजीचा नाही, कारखान्यात ढिगाने काढलेल्या माझ्या पिस्तुलाचा आहे. तसं डुएनला समजावलं. डुएन क्लबचा सेक्रेटरी, धंद्याने प्लंबर. अक्कल पाइपाएवढी, तीही तुंबलेली. म्हणाला, "व्हर्नन, गोळी सुटायच्या आधी तू डोळे मिटतोस राव."
मी डोळे मिटत नाही. एकाग्र होतो.

मंगळवार, ४ मार्च
क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी: पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल, कारागिराने हाताने बांधलेलं, वापरलेलं. तीन हजार डॉलर. खाली नाव ओपल ट्रेडवे.
असं पिस्तूल नवं बांधून घ्यायचं तर दुपटीने पैसे आणि तीन वर्षं वाट. प्रत्येक भाग घासून घासून दुसऱ्यात बसवलेला असतो. असं हत्यार हातात आलं की डुएनचं तोंड कायमचं बंद.
ओपलबाई चौऱ्याहत्तरच्या. आयुष्यभर शाळेची बस चालवली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. म्हणजे पिस्तूल नवऱ्याचं, बाईला त्यातलं ओ की ठो कळत नाही, घरातली अडगळ निघतेय. मी तीस वर्षं विम्याचे दावे तपासलेत. बावीसशेला उचलणार.

बुधवार, ५ मार्च
जॉयलीनला सांगितलं. बायकोला सांगावं लागतं. म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी बूट वाईट होते. मागच्या वर्षी चष्मा. मग तो पट्टा. आता पिस्तूल का?" वर म्हणाली, "निदान आधी मारून तरी बघ."
तांत्रिक विषयात बायकांनी पडू नये. तोंडावर बोललो नाही. जेवण व्हायचं होतं.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी ७
व्हिडिओ बघून तपासणीचे चौदा मुद्दे काढले. भेगा, झीज, स्प्रिंगा, कारागिराची कागदपत्रं वगैरे. उद्या एकेक मुद्दा वाचत चेहरा नाराज करत जायचा, म्हणजे भाव आपोआप उतरतो. आरशापुढे नाराज चेहऱ्याचा सराव केला. जॉयलीनने विचारलं, दाढ दुखतेय का.

शनिवार, ८ मार्च
ओपलबाईंकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल, टॉवेलवर पिस्तूल. काळसर निळं पोलाद, कडांना वापराने पांढरं पडलेलं. दोन मिनिटं नाराज होता आलं नाही.
मग सावरलो. बाईंना म्हटलं, घाबरू नका, हे उघडायचं कसं ते मी दाखवतो. खिशातून चष्मा काढेपर्यंत त्यांनी पिस्तूल सुटं करून टॉवेलवर ओळीने मांडलं होतं. नवऱ्याचं बघून बघून पाठ झालं असणार.
मूठ फारच बारीक. माझं बोट ट्रिगरवर दुमडून बसतं. म्हटलं, तुमच्या यजमानांचा हात लहान असावा.
तर म्हणतात, "रॉयचा? अरे बाळा, रॉय आवाजाला घाबरायचा. मॅच असली की गाडीत बसून शब्दकोडी सोडवायचा. हे माझं आहे. माझ्या हाताचं माप घेऊन बांधलंय. यानेच दोनदा राज्यात पहिली आले." आता अंगठ्याचे सांधे धरतात, मूठ नीट बसत नाही, म्हणून विकतायत. एवढं बोलून पिस्तुलावरून टॉवेलचं टोक फिरवलं, ते जरा जास्तच वेळ फिरवलं.
मला पहिल्यापासून तसा संशय होताच.
चौदा मुद्द्यांपैकी तेरांत काही सापडलं नाही. चौदावा मी विसरलो. बावीसशे म्हटलं. बाई हसल्या आणि माझ्या ताटलीत पीकन पाय नावाच्या गोड पदार्थाचा आणखी एक तुकडा वाढला. "किंमत तीन हजारच. पण पुढच्या शनिवारी क्लबच्या रेंजवर ये. कुणाच्या हातात जातंय ते बघितल्याशिवाय मी द्यायची नाही."
गिऱ्हाइकाची परीक्षा! बस चालवायची सवय. प्रत्येक माणूस तिसरीतला वाटतो.

रविवार, ९ मार्च
घ्यायचं नाही. निर्णय पक्का. वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याची कटकट.

सोमवार, १० मार्च
घ्यायचं.

गुरुवार, १३ मार्च
घ्यायचं नाही, पण शनिवारी जाऊन असं मारायचं की बाईंनीच घे घे म्हणून मागे लागावं.

शनिवार, १५ मार्च, दुपारी १
जॉयलीन बरोबर आली. म्हणे बाजारात जायचंच आहे. बाकावर डुएन आणि त्याचे तीन चमचे डोनट खात बसलेले. कामधंदा नाही.
काडतुसं ओपलबाईंनी भरून दिली. पाच गोळ्या मारल्या. दोन कागदाला लागल्या. अनोळखी पिस्तुलाने दोन म्हणजे उत्तमच. सहाव्याला नुसता टक् आवाज झाला. गोळी सुटलीच नाही, आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं. सगळ्यांनी पाहिलं. डुएनचा डोनट हातातच राहिला.
मी ताबडतोब म्हटलं, बिघाड आहे, किंमत कमी करा.
ओपलबाई म्हणाल्या, "मध्ये एक खोटं काडतूस मीच घातलं होतं बाळा. काडतूस खोटं होतं. दचकणं खरं आहे."
मी दचकलो नव्हतो. धक्का बसणार म्हणून आगाऊ तयारी केली होती. दूरदृष्टी याला म्हणतात.
मग त्यांनी माझं जुनं पिस्तूल मागितलं. त्या वाकड्या अंगठ्यांनी पाच गोळ्या मारल्या. पाची भोकं कॉफीच्या मगाखाली झाकली जातील एवढ्या जागेत. नशीब. सलग पाच वेळा.
यानंतर प्रकार हाताबाहेर गेला. बाईंनी जॉयलीनला हाक मारली, "तू ये गं इकडे." जॉयलीनने जन्मात पिस्तूल धरलेलं नाही. बाईंनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला, स्वतःच्या पिस्तुलाच्या बारीक मुठीवर बसवला, हळू आवाजात काहीबाही सांगितलं. पहिली गोळी कागदाच्या कडेला. दुसरी आत. तिसऱ्याला टक्. खोटं काडतूस. पिस्तूल जागचं हललं नाही.
बाईंनी विचारलं, "काय काम करतेस गं?"
जॉयलीन म्हणाली, "बावीस वर्षं लोकांचे दात साफ करते. समोरचा ओरडला तरी हात हलवून चालत नाही."
दोघी इतक्या हसल्या की बाईंना बसावं लागलं. डुएनने जॉयलीनला डोनट दिला. मला विचारलंही नाही.

रविवार, १६ मार्च, सकाळी १०
रात्रभर विचार केला. घेणार. पूर्ण तीन हजारांना. मूठ कापून माझ्या मापाची जाड बसवून घेईन. ओपलबाईंना फोन केला. म्हणाल्या, विकलं. कुणाला? "घरातच आहे ना ती? तिलाच विचार."

त्याच दिवशी, ११
जॉयलीन कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं. हो म्हणाली, जादा कामाचे पैसे साठवले होते, त्यातून घेतलं.
मी म्हटलं, पिस्तूल मला हवं होतं.
ती म्हणाली, "तुला डुएनचं तोंड बंद करायचं होतं. ते पिस्तूल हातात घेतलं तेव्हा मला ते हवं झालं. यात फरक आहे की नाही?" टॉवेलची घडी संपवली आणि म्हणाली, "सहा वर्षं दर शनिवारी तू एकटा गेलास, व्हर्नन. एकदाही 'चल' म्हणाला नाहीस."
ही तक्रार तिने पूर्वी कधी लेखी दिलेली नव्हती. अशा दाव्याला मुदत असते. ती संपलेली आहे. तरी दुपारी माझ्याच्याने जेववलं नाही. कालचं मटण असावं.

शनिवार, १२ एप्रिल, दुपारी ४
मॅच. मी उतरलो नाही, खांदा धरलाय. प्रशिक्षक म्हणून हजर होतो. जॉयलीन हे मान्य करत नाही आणि तिच्या मागे सतत ओपलबाई उभ्या होत्या, त्यामुळे सूचना लांबून, हातवारे करून द्याव्या लागल्या. डुएनने मला टार्गेटच्या भोकांवर कागदी ठिगळं चिकटवायच्या कामाला लावलं. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही देत नाहीत.
जॉयलीन चोवीस जणांत बारावी. शेवटची गोळी मारून पिस्तूल ठेवलं आणि पहिल्यांदा वळून बघितलं ते माझ्याकडे. माझे दोन्ही हात डिंकाने बरबटलेले. तरी टाळी वाजवली. नीट वाजली नाही.

रविवार, १३ एप्रिल
काल गाडीत जॉयलीनला विचारलं होतं, तुझं पिस्तूल एकदा मारू देशील का. देईन म्हणाली, पण ओपलबाईंनी आधी सराव सांगितलाय. माझंच जुनं पिस्तूल, पूर्ण रिकामं, दोनदा तपासून. पुढच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता ट्रिगर दाबायचा. रोज वीस वेळा. नाणं वीसच्या वीस वेळा टिकलं की रेंजवर चल.
शाळकरी खेळ. पाच मिनिटांत संपवू म्हणून जेवणानंतर गॅरेजात उभा राहिलो.
वीस वेळा दाबलं. वीस वेळा पडलं. जॉयलीन स्टुलावर बसली होती. दर वेळी वाकून नाणं उचलायची आणि परत टोकावर ठेवायची. वीस झाल्यावर म्हणाली, "उद्या याच वेळी?"
हो म्हटलं.
नाण्याची कड झिजलेली आहे. उद्या नवं घेऊन बघतो.