बाही, कोपर आणि पुढचं

२ जून, सकाळी ९
हे जाऊन वर्ष झालं. आजपासून ह्यांच्या कॅमेऱ्यातल्या फाइली नीट लावायच्या. रॉ फाइली आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलं तसं, कच्चं. आठ दिवसांत संपवणार. रडायचं नाही. कम्प्युटर मला शिकायचाच होता.

३ जून, मंगळवार
धरणाच्या भिंतीवरचा फोटो उघडला. टायमर लावून हे माझ्याशेजारी धावत येणार होते. पोचायच्या आत कॅमेरा वाजला. जोडीचा शेवटचा फोटो, आणि त्यात मी एकटी. पण या सॉफ्टवेअरमध्ये उजव्या कडेला निळी रेघ दिसते. ह्यांची बाही! कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोची रुंदी ६००० ठिपके, इथे ६०२४. म्हणजे हे तिथेच होते, फक्त कापले गेले होते.

४ जून
लेकीला फोन केला. म्हणाली, अगं आई, दोन्ही बाजूंना बारा-बारा ठिपके वाढलेत. बारा ठिपक्यांत बाबा मावतील का? हिला धीर म्हणून नाही. वडिलांवर गेली आहे.

६ जून
डिक्शनरी घेऊन मॅन्युअल वाचलं. प्रत्येक ठिपक्याचा रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून ठरवतात. अगदी कडेच्या ठिपक्याला एका बाजूला कोणीच नसतं, त्यामुळे त्याचा रंग खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कडा कापतात. किती कापायची, ते प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं.
ते पान दोनदा वाचलं. इंग्रजी अवघड होतं म्हणून.

७ जून, शनिवार
तिसरं सॉफ्टवेअर. भिंगामुळे वाकलेल्या रेषा सरळ करताना कडेचं आणखी जातं म्हणे. ती दुरुस्ती बंद केली. भिंत वाकडी झाली, पण कोपर आलं!
मंगळवारी बाही, शनिवारी कोपर. या वेगाने बुधवारपर्यंत चेहरा. फ्रेम आजच आणून ठेवली.

९ जून
चौथं आणि पाचवं. कम्प्युटर दोनदा बंद पडला. कोपर तेवढंच.
फाइली लावायचं काम किंचित मागे पडलंय. एक झाली.

११ जून, बुधवार
सहावं सॉफ्टवेअर काहीही कापत नाही. सकाळी आंघोळ करून, चांगली साडी नेसून उघडलं.
कोपराच्या पुढे वरून खालपर्यंत काळी पट्टी. मॅन्युअल म्हणतं, सेन्सरचा तेवढा भाग मुद्दाम झाकलेला असतो, तिथे उजेड पोचतच नाही. मी उजेड वाढवून पाहिला. होता तेवढा सगळा वाढवला. पट्टी जराशी करडी झाली.
संध्याकाळी लेक आली. आधी म्हणाली, आई, सोड ना आता. मग खुर्ची ओढून बसली आणि तिनेही वाढवून पाहिला.

१२ जून
कोपर तर कोपर. मोठा प्रिंट काढायला स्टुडिओत दिला. समोरच्या भिंतीवर लावणार. ओळखणाऱ्याला कोपरसुद्धा पुरतं.

१४ जून
फोटो मिळाला. स्टुडिओवाला भलताच खूश होता. म्हणाला, मावशी, कडेला कुणाचा तरी हात मधे घुसला होता. तुम्ही सांगायच्या आधीच काढून टाकला. बघा, आता कसा एकदम क्लीन आलाय.
इतक्या आपुलकीने दाखवत होता की मी थँक्यू म्हणाले.