अध्यक्षांच्या कानावर

३ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीला जाड काच बसवली हे वाचून करमणूक झाली. लोकांचं तुला ऐकू येत नाही आणि तुझं लोकांना, म्हणजे तुमच्या खात्याने एका काचेत दोन्हीकडचे तंटे मिटवले म्हणायचे. मी फोन का करत नाही, असं विचारतेस. फोनवर तू सदा घाईत. आणि तू केलास तर घंटा वाजून वाजून थकते, तरी तुझे भावोजी जागचे हलत नाहीत. चुकून उचललाच तर हो हो, छान छान, एवढं म्हणून माझ्या हातात देतात. पत्र बरं. मला कोणी मध्येच तोडत नाही.

इकडे सगळ्या गल्लीला निवडणुकीने पछाडलंय. आमच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष महिनाअखेर निवडायचा आहे. यांनी घड्याळाचं दुकान बंद केल्यापासून हेच अध्यक्ष, दर खेपेला बिनविरोध. या वेळी मात्र व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई विरोधात उभ्या आहेत, आणि त्याला कारण करवत. त्यांच्या घराखाली एका सुताराने कारखाना थाटलाय. त्याची विजेवरची करवत सकाळी किंचाळायला लागते ती दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत. बाईंच्या विद्यार्थ्यांना आपला सूर कुठला आणि करवतीचा कुठला ते कळेनासं झालंय. इस्त्रीवाला म्हणतो, त्याच्या दाढा शिवशिवतात.

बाईंनी सभेत तक्रार मांडली. यांनी शांतपणे मान हलवली आणि पुढचा विषय घेतला, तुंबलेल्या गटाराचा. पुढच्या सभेत पुन्हा तक्रार, पुन्हा मान, पुन्हा गटार. शेवटी लोकांनी यांना कारखान्याच्या दारात नेऊन उभं केलं. हे थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले की घरघर आहे खरी, पण एवढं रान उठवण्यासारखं काही नाही. मी तेव्हा घरात खिडकी घट्ट लावून बसले होते, तरी माझं डोकं उठलं होतं.

आता गल्लीत कुजबुज आहे की सुताराने अध्यक्षांना खिशात घातलं. त्यात त्याने मागच्याच महिन्यात आमच्या खुर्चीचा मोडका पाय बसवून दिला, म्हणजे आगीत तेल. ज्या माणसाने जन्मात कोणाच्या घड्याळातला एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही, त्याच्याबद्दल हे ऐकायचं. मी यांना विचारलं तर पेपरातून मान वर नाही. अलीकडे माझ्याशी बोलणंच टाकलंय. टेम्पोवाला खालून घोगऱ्या आवाजात हाक मारतो तर लगेच ओ देतात, बायको बोलली की भिंत. हे असे का वागतात ते मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. तुझी निवडणूक, गटार आणि इस्त्रीवाल्याच्या दाढा बाजूला ठेवून मी जरा भलतंच विचारते, रागावू नकोस.

भावोजींनी दुकान बंद केलं तेव्हा डोळे दमले असं सांगितलं होतं. मग ते पेपर कसा वाचतात? तुला सुईत दोरा तेच ओवून देतात, हे तूच मागे कौतुकाने लिहिलं होतंस. दमलेल्या डोळ्यांना सुईचं भोक दिसतं होय? आणि घड्याळजीला डोळ्यांखेरीज आणखी काय लागतं? लहानपणी मी त्यांच्या दुकानात बसायचे तेव्हा दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ ते कानाशी धरायचे, डोळे मिटून.

काच बसल्यापासून मला खिडकीपुढची माणसं ओळखू यायला लागली आहेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांतले काही ओरडतात. बाकीचे ओरडत नाहीत. ते हसतात, मान हलवतात, आणि मी देईन ते तिकीट घेऊन भलत्याच गावी जायला तयार होतात. त्यांना पुन्हा विचारायची लाज वाटते. काल असे एक आजोबा आले होते आणि का कोण जाणे, मला भावोजींची आठवण झाली.

माझा संशय खोटा ठरू दे. पण एक करून बघ. ते वाचत बसले असताना पाठीमागे उभी राहा आणि नेहमीच्या आवाजात असं काहीतरी बोल की त्यांना गप्प बसवणारच नाही. त्यांची सायकल भंगारात दिली म्हण. काय होतं ते मला लगेच कळव, नाहीतर मी इथे लोकांना चुकीची तिकिटं द्यायची.

वडीलपणाने लोभ करतेस तसाच करत राहा.

तुझी बिट्टी


१६ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

मी सायकल भंगारात दिली. म्हणजे तसं म्हटलं. यांनी पान उलटलं. मग मी म्हटलं, तुमचा हत्यारांचा डबा पण दिला. तर चहा पिऊन कप खाली ठेवला आणि वाचायला लागले. मी तिथेच पलंगावर बसले. इतके दिवस मी मनात धरून बसले होते की या माणसाला माझा कंटाळा आला. कितीदा रुसले, कितीदा टाकून बोलले, आणि त्यातलं अक्षर यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. माझा तर रुसवाही फुकट गेला.

मग समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं. नाकबूल गेले नाहीत. आधी घड्याळांची टिकटिक गेली, मग पाखरं, मग किटलीची शिट्टी, मग बायकामुलांचे आवाज. बारीक आवाज सगळे गेले, जाडे तेवढे येतात. म्हणून टेम्पोवाल्याला ओ, आणि म्हणून करवतीची नुसती घरघर. त्यांना खरोखरच वाटत होतं की लोक राईचा पर्वत करताहेत. बाईंचा आवाज तर आधीच नाजूक. सभेत त्या उभ्या राहिल्या की यांना फक्त ओठ हलताना दिसायचे. गटाराबद्दलच बोलत असतील असं धरून चालायचे, कारण गल्लीत सगळे गटाराबद्दलच बोलतात.

मी म्हटलं, सांगून टाका. तर चेहरा उतरला. म्हणाले की घड्याळ ऐकू येईना म्हणून दुकान सोडलं, आता माणसं ऐकू येत नाहीत म्हणून मंडळ सोडायचं, मग मी उठून रोज जायचं कुठे.

आता खरी अडचण ऐक. हे अध्यक्ष होण्याआधी एकदा निवडणुकीत चिठ्ठ्यांवरून हाणामारी झाली होती, म्हणून यांनीच आल्या आल्या एक पद्धत घालून दिली. अध्यक्षाने उभं राहून एकेका घराला हाक मारायची, त्या घराने बसल्या जागेवरून कोणाला मत ते मोठ्याने सांगायचं, आणि अध्यक्षाने ते तसंच परत उच्चारायचं, म्हणजे वाद नको. आपणच खणलेला खड्डा. एक उत्तर चुकीचं उच्चारलं तरी लोक म्हणतील, लबाडी केली.

तेव्हा आम्ही एक युक्ती काढली आहे. मी पहिल्या रांगेत बसणार. माझा चष्मा नाकावर असला म्हणजे मत यांना, कपाळावर सरकवला म्हणजे बाईंना. काल घरी तालीम केली. तुझी ताई या वयात नटी झाली.

लोभ असो, आणि हसू नको.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हसले, खोटं कशाला बोलू. पण मग काळजी वाटली. गल्लीला आधीच संशय आहे की भावोजी काहीतरी लपवतात. ते लपवताहेत हे खरंच आहे, फक्त लोकांनी भलतंच धरलंय. त्यात भरल्या सभेत बायकोचा चष्मा वर-खाली होताना कोणाच्या लक्षात आला, तर जे झालं नाही तेही झालं असंच सगळे धरून चालतील. नाव जायला वेळ लागत नाही ताई. माझं ऐकाल तर आधीच सांगून टाका. ऐकणार नाहीत म्हणा, आणि ऐकत नाहीत म्हणून भावोजींना आता बोलताही येणार नाही.

आमच्या इथे कानाचे एक चांगले डॉक्टर आहेत. श्रवणयंत्राने बारीक आवाजही बरेच परत येतात म्हणाले. मी विचारून ठेवलंय, पत्रातला एवढा भाग फक्त भावोजींना वाचायला दे.

सभेत नेमकं काय होतंय, याची चुटपुट लागली आहे. लोभाबरोबर बातमीही लवकर पाठव.

तुझी बिट्टी


१ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

सभा झाली. तू म्हणालीस ते ऐकायला हवं होतं.

इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी पहिल्या रांगेत. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. हे हाक मारत, घर उत्तर देई, हे माझ्याकडे ओझरतं बघत आणि खणखणीत आवाजात मत उच्चारत. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर. शेजारच्या शिंपीणबाईंनी मला डोकं दुखतंय का म्हणून विचारलं.

मग व्हायोलिनच्या बाईंच्या घराला हाक मारली. त्या उभ्या राहिल्या आणि मत न देता बोलायलाच लागल्या. म्हणाल्या की मत सांगण्याआधी अध्यक्षांनी एका गोष्टीचा खुलासा करावा. सुताराकडून आपण काही घेतलंत का, हो की नाही, ते सगळ्यांसमोर सांगा. आणि बिट्टी, माझा चष्मा होता नाकावर.

हे प्रसन्न हसले. हात जोडून म्हणाले की बाईंनी मोठ्या मनाने मला मत दिलं, मी त्यांचा आभारी आहे.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आरडाओरडा. उलट्या काळजाचा माणूस, निर्लज्ज, आणखी काय काय. यांना ते शब्द कळले नसतील, पण चेहरे दिसत होते. यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही ठरवलं होतं त्यात याला खूणच नव्हती. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून. मला रडू आवरेना.

हे खुर्चीला धरून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मला ऐकू येत नाही. बरेच दिवस येत नाही. बाईंनी आत्ता काय विचारलं ते कोणीतरी माझ्यासमोर येऊन सांगा."

कोणीच उठलं नाही. मग बाई स्वतः पुढे आल्या, यांच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या आणि तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द वेगळा करून विचारला. यांनी तो नीट पाहून घेतला. म्हणाले की सुताराचं भिंतीवरचं घड्याळ मी दुरुस्त करून दिलं, त्याने माझ्या खुर्चीचा पाय बसवला, याहून जास्त काही नाही. करवतीचा आवाज मला आला नाही म्हणून तो नाही असं मी समजलो, ही माझी चूक. चष्म्याचंही सांगून टाकलं. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली, मी कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतले दूधवाले आजोबा उभे राहिले आणि म्हणाले की एवढंच ना, मलाही या खोलीत कधी काही ऐकू आलेलं नाही, शेजारचा हात वर करतो तेव्हा मी करतो. मग एक इथून उठला, एक तिथून. अर्धी मागची रांग निघाली बघ. आतापर्यंत आम्ही गटाराचे किती ठराव न ऐकता मंजूर केले कोण जाणे.

मतदान पुन्हा पहिल्यापासून घेतलं, प्रत्येकाने पुढे येऊन समोर तोंड करून सांगायचं. हे पडले. थोडक्यात, पण पडले. मत कोणाला ते सांगताना कोणी यांची नजर टाळली नाही, एवढं मात्र मी पाहिलं. नव्या अध्यक्षबाईंनी पहिलाच ठराव घेतला की करवत शिकवणीच्या वेळात बंद, आणि इथून पुढे सभेत बोलणाऱ्याने पुढे येऊन बोलायचं. सुताराने मुकाट्याने मान्य केलं.

घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता हे म्हणाले की तुझ्या बहिणीच्या त्या डॉक्टरकडे कधी जायचं. तेव्हा आम्ही येतोय. पलंग घालून ठेव, आणि माझा लोभ आता समोर येऊनच घे.

तुझी ताई


२ एप्रिल

चि. बिट्टीस,
आशीर्वाद. पत्र माझं आहे, अक्षर बघून दचकू नकोस.

तुझ्याकडून परत आल्यावर यंत्र लावून पहिल्याच सकाळी करवत ऐकली. भयंकर आहे ग. मी तसाच जिना उतरून बाईंकडे गेलो आणि पुन्हा एकदा माफी मागितली. त्यांनी चहा दिला. त्यांच्या शिकवणीतल्या भिंतीवरचं घड्याळ अडखळत चालतंय हे मला बसल्या बसल्या ऐकू आलं, ते मी घरी घेऊन आलोय. त्यावर इस्त्रीवाल्यानेही आपलं आणून टाकलं. तेव्हा सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न तूर्त मिटला आहे.

दुसरं सांगायचं ते निराळंच. मला इतके दिवस वाटायचं की वयाप्रमाणे तुझी ताई अबोल झाली. मी काही म्हटलं नाही. म्हटलं, तिला नसेल बोलावंसं वाटत.

काल दुपारी मी बाहेर वाचत होतो. यंत्र काढून टेबलावर ठेवलंय अशी तिची समजूत. स्वयंपाकघरातून आवाज आला, म्हणून कोण आलंय ते बघायला उठलो. आत ती एकटीच, दाराकडे पाठ करून भांडी विसळत होती आणि बोलत होती. गटाराच्या झाकणाचं, तुझ्या पत्राचं, शिंपीणबाईंच्या सुनेचं. मध्येच काहीतरी विचारायची, जरा थांबायची, आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढे बोलायची. ती माझ्याशीच बोलत होती, बिट्टी. ऐकू येत नाही हे कळल्यावरही उत्तरापुरती जागा सोडायची तिची सवय गेली नव्हती.

मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. मग तिने विचारलं, संध्याकाळी भाजी कुठली करू, आणि थांबली. मी म्हटलं, बटाट्याची कर.

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. केवढा आवाज झाला म्हणून सांगू.

लोभ ठेव, आणि आता खुशाल फोन कर.

तुझे भावोजी
(माजी अध्यक्ष)