तीन नंबरच्या खोलीचं वजन

सोमवार, ३
पोचले एकदाची! बटाट्याच्या शीतगृहात नोंदींची नोकरी, स्वतःचं टेबल आणि न डुगडुगणारी खुर्ची. मावशीनं शब्द टाकला म्हणून मिळाली. आईमागं तिनंच मला वाढवलं. ती इथं तीस वर्षं बटाटे निवडतेय. साहेबांनी काम समजावलं. प्रत्येक खोलीत बटाट्यांची एक खुणेची पेटी काट्यावर ठेवलेली असते, आकडा दाराबाहेर दिसतो. तो रोज लिहायचा, तापमानासकट. बटाटा जमिनीतून काढला तरी जिवंतच असतो. त्याच्या पेशी ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर जाळतात आणि त्या ऊर्जेवर तग धरतात. ऊब, वाफ नि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. त्यामुळे पेटी रोज किंचित हलकी होते. मावशी म्हणाली, माझ्यासारखीच, राबून झिजते. मग तिला मालाच्या काट्यावर उभी केली. अठ्ठावन्न किलो! पोट धरून हसलो.

बुधवार, ५
तीन नंबरची पेटी दोनशे ग्रॅमनी वाढली. काटा तपासला, ठीक आहे. खोलीही तापलीय, म्हणजे आत जळणं जोरात चालू आहे. मग वजन घटायला नको? इतकी साखर येते कुठून? साहेब म्हणाले, वाढलं तर बिघडलं कुठं, तू आकडा लिही. तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीतली लाकडं जळून वाढतात का कधी?

शनिवार, ८
पेटी पुन्हा वर. मावशी हल्ली दिवसभर तीन नंबरमध्येच बसते. जेवते दुप्पट, तरी घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरतं. हात गार पडलेत. जिना चढताना चार वेळा थांबली. वजन चोपन्न.

सोमवार, १०
जुन्या नोंदी काढल्या. मावशीच्या रजेच्या दिवशी पेटी घटते. ती आत बसली की वाढते. तिची साखर, तिचा श्वास बटाटे ओढून घेतायत. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्यच वाटलं नाही! म्हणाले, तिच्याआधी बसणाऱ्या दोघीही आजारी पडून गेल्या, आणि माल मात्र झकास निघाला. तिचं स्टूल मुद्दाम थप्प्यांच्या मधोमध त्यांनीच नेऊन ठेवलंय.
यापुढं त्याला साहेब म्हणणार नाही.

मंगळवार, ११
मावशीला म्हटलं, चल घरी. येत नाही. तक्रार केलीस तर भाचीची नोकरी घालवीन, असं त्यानं तिला बजावलंय. माझ्यासाठी बसते ती तिथं! माझ्या नोकरीसाठी! जळो ती नोकरी.

बुधवार, १२
पंचेचाळीस. ओठ निळे. बटाट्यांना हात लावला — तापातल्या अंगासारखे. उद्या उचलूनच नेणार.

गुरुवार, १३
बाहेर काढली. पोरासारखी हलकी. व्हरांड्यात, माझ्या कोटात गुंडाळलीय. श्वास चालू आहे. डॉक्टर निघालेत.

तो आला. म्हणाला, ट्रक येईपर्यंत तिला परत आत बसव —

ढकलला आत. कडी घातली.

ठोकतोय. ठोकू दे. पेटी वीस किलो चारशे.

मावशी हातानं खुणावतेय, उघड. उघडते गं.

वीस सहाशे. ठोकणं मंदावलं. माझं नाव घेतोय. आज बरं आठवलं.

वीस नऊशे. मावशी रडतेय. उघडते, उघडते — एकवीस पुरे होऊ दे, मग लगेच —