हळद उरकेपर्यंत

प्रिय ताई,

काल मनोरुग्णालयातल्या तुझ्या त्या बंद वॉर्डातून मला फोन आला. तू जाऊन चार वर्षं झाली, तरी तो नंबर लगेच ओळखला. आपल्या दादाची थोरली जयू महिनाभर तिथे आहे, आणि मला घरातल्या कोणी सांगितलं नाही! बाळंतपणानंतर तिला आवाज ऐकू येऊ लागले. तू शेजारणीवर कोयती उगारली होतीस, तिने सासूवर. पुन्हा कोर्टाचा हुकूम, पुन्हा तेच जाळीचं दार. हे तुझ्याशिवाय कोणाशी बोलू?

तुझ्या डॉक्टरीणबाई आठवतात? "औषधांनी त्यांचं काम केलं. आता हिला माणसं लागतील. गोळी घेतलीस का, असं रोज विचारणारी. घरी न्या."

तेव्हा जयूचं लग्न ठरलं होतं. दादा म्हणाला, "हळदीला अख्खा गाव येतो. व्याह्यांनी हिला बघितली तर? लगीन उरकू दे, मंग आणू." आणि मी? पनवेलच्या प्रत्येक व्यासपीठावरून माणुसकीवर गरजणारा मी, मुकाट्याने मान डोलावली!

त्या आठवड्यात तुला भेटायला आलो, तेव्हा तू विचारलंस, "पयली हळद आत्याच लावते ना रे? साडी कंची नेसू?" तुझी वेणी घालणारी, शेजारच्या खाटेवरची कमल मागून म्हणाली, "हिरवी नेस गं. पण हास नको, नवऱ्याकडचे पलतील!" तुम्ही दोघी केवढ्या हसलात. मी 'हो हो' म्हणून निघालो. मांडवात सगळ्यांना सांगितलं, ताई यात्रेला गेली आहे.

मग जयूचा दिवाळसण आला. मग आणखी काही. माझं येणंही थांबलं.

तू ओरडली का नाहीस, ताई? शेजारणीवर कोयती उगारणारी तू, तिथे एवढी समजूतदार कशी झालीस? आधी तू घरी यायचं विचारणं सोडलंस, मग जेवण. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. मी तो कागद कधीच खरा मानला नाही.

काल नर्सबाई म्हणाल्या, "जयश्री फक्त कमलच्या हातून जेवते." कमल! ती कधीच बरी झाली आहे, पण तिला न्यायला कोणी आलंच नाही. घरच्यांनी टाकलेली बाई आपल्या पोरीला घास भरवते आहे. मग नर्सबाई हळूच म्हणाल्या, "आता जयश्री घरी जायचंसुद्धा विचारत नाही. भेटीचा वार गुरुवार. या हो कोणीतरी."

सकाळीच सुकापूरला दादाकडे गेलो. दारात मांडवाचे बांबू पडले होते. तळोज्याच्या कारखान्यांकडून तो उग्र वास येत होता.

"दादा, जयूला भेटायला चल."

"येडा झालास काय? गुरवारी धाकटीची हळद हाय."

"कोणी भरवल्याशिवाय ती जेवत नाही, दादा."

त्याने आवाज खाली घेतला. "हिचं उरकू दे. मंग बघू."

तेच शब्द, ताई! मी चिडलो, ओरडलो, नेहमीसारखं भाषण केलं. मांडववाले ऐकत राहिले. दादा बांबू मोजत राहिला.

निघालो तेव्हा वहिनी मागच्या दाराने आली. "भावजी, कवा निघताव? मी येतंय."

"हळद टाकून?"

"हळदीला गाव हाय. तिला कोन हाय?"

ताई, तुला शब्द देतो. गुरुवारी गाव मांडवात नाचत असेल तेव्हा वहिनी आणि मी त्या जाळीच्या दाराशी असू. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी असू. कोणी विचारलं, तर जयू कुठे आहे ते खरं सांगू. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी तिला खांदा कॉलनीत माझ्या घरी आणीन, दादाने दार लावलं तरी.

मध्ये अजून तीन दिवस आहेत. तेवढे तिने काढायला हवेत.

तुला आत ठेवून बाहेर भाषणं देत फिरलेला,
अनंता